कंद जमिनीत जाण्याआधी

विट्याच्या अंगणात ट्यूलिप फुलवता येतं, पण ते फूल विट्यात घडत नाही. ते आधीच घडलेलं असतं, दूरच्या कुठल्या तरी साठवणगृहात, आणि इथं येतं ते कंदाच्या पोटात बसून. ही गोष्ट एकदा नीट उमगली की आपल्या सांगली-साताऱ्याच्या हळदीकडे, आल्याकडे आणि गुलछडीकडे बघण्याची नजरच बदलते. लागणीनंतर खत किती, पाणी किती, फवारणी कोणती यावर आपल्याकडे चिकार बोललं जातं. लागणीच्या आधी कंदाचं काय झालं, याची चौकशी फार थोडे करतात.

श्रीनगरला दल सरोवराजवळ, झबरवानच्या पायथ्याशी २००७ साली ट्यूलिपची बाग लोकांसाठी खुली झाली. मार्चअखेर ते एप्रिल, जेमतेम महिनाभर ती फुलते आणि तेवढ्या दिवसांत देशभरातून माणसं तिथं लोटतात. दिल्लीतही आता रस्त्याकडेच्या वाफ्यांत फेब्रुवारीत ट्यूलिप दिसतात. तिकडून परतणाऱ्यांच्या पिशवीतून आणि हल्ली घरबसल्या मागवूनही कंदांची पाकिटं महाराष्ट्रात येऊ लागली आहेत. विटा-खानापूरची माणसं तर सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यानिमित्त देशाच्या कानाकोपऱ्यांत स्थायिक झालेली. परमुलखातलं रोप इथल्या कुंडीत दिसणं मुळीच नवं नाही.

कुंडीत लावलेल्या त्या कंदाचं पुढं बहुतेक वेळा एकच होतं. जाडसर, राखाडी हिरवी पानं जोमानं वर येतात. त्यांच्या बेचक्यात कळीचं टोक दिसतं आणि तिथंच अडकून राहतं. दांडा वाढत नाही. चार-आठ दिवसांत कळी कागदासारखी वाळून तपकिरी होते. मग दोष मातीला दिला जातो, पाण्याला दिला जातो, कंद विकणाऱ्यालाही दिला जातो. खरं कारण त्या कंदानं आधीच्या पाच-सहा महिन्यांत काय भोगलं, किंवा काय भोगायचं राहून गेलं, त्यात असतं.

ट्यूलिपचा कंद ऑगस्ट-सप्टेंबरात उभा चिरून बघावा. बाहेर पातळ तपकिरी साल, आत एकावर एक पांढरे मांसल पदर, तळाशी मुळ्या फुटण्याची चकती आणि त्या चकतीवर मधोमध उभा असलेला बोटाच्या पेरापेक्षाही लहान कोंब. भिंग लावलं तर त्या कोंबात पानांच्या आत चिमुकलं फूल दिसतं. सहा पाकळ्या, सहा पुंकेसर आणि मधोमध तीन धारांचा स्त्रीकेसर, सगळं जागच्या जागी. हॉलंडमधले व्यावसायिक मोसमाच्या सुरुवातीला मूठभर कंद असे चिरूनच पाहतात. तीन धारांचा तो स्त्रीकेसर पूर्ण घडला की फूल तयार झालं असं समजायचं आणि मगच कंद थंडीत ठेवायचा. त्याआधी घाई केली तर फूल अर्धवट घडतं किंवा घडतच नाही.

तिकडचा क्रम असा. जून-जुलैत पानं वाळली की कंद काढतात, झपाट्यानं वाळवतात, साफ करतात. मग काही आठवडे २० अंशांच्या आसपास, सुरुवातीला थोडं जास्तही, अशा उबेत ठेवतात. या उबेतच आतलं फूल घडतं. त्यानंतर काही दिवस १७ अंश आणि मग ५ ते ९ अंशांची थंडी, एकूण १२ ते १६ आठवडे. जातीनुसार हा काळ कमी-जास्त होतो. ऊब फूल घडवते आणि थंडी दांडा वाढवते. थंडीत पदरांमधल्या स्टार्चची साखर होऊ लागते, वाढीच्या संप्रेरकांना प्रतिसाद देण्याची दांड्याची ताकद वाढते आणि पुढं ऊब मिळाली की तो सरसर वर जातो. थंडी अपुरी पडली की दांडा आखूड राहतो, कळी पानांत अडकते. कुंडीतल्या त्या वाळलेल्या कळीचं कारण हेच.

हे सगळं अंदाजानं जमलेलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हॉलंडमधल्या लिस गावच्या निकोलास दामेस यांनी हायसिंथचे कंद लवकर काढून, त्यांना ठरावीक ऊब देऊन ते नाताळच्या सुमारास फुलवून दाखवले. पुढं वाखेनिंगेनला प्राध्यापक ए. एच. ब्लाउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विशी-तिशीच्या दशकांत कंदाच्या आतली प्रत्येक अवस्था आणि तिला मानवणारं तापमान यांचा तक्ता धीरानं मांडला. आज जगभर वर्षातल्या हव्या त्या महिन्यात ट्यूलिप विकायला येतं, त्यामागं हा तक्ता आहे.

या व्यवहारात 'पाच अंशांचे' आणि 'नऊ अंशांचे' कंद असे दोन प्रकार रूढ आहेत. पाच अंशांचा कंद कोरडाच थंड करतात आणि थेट हरितगृहात लावतात. लावण्याआधी मुळ्या येण्याच्या चकतीभोवतीची तपकिरी साल हातानं सोलून काढतात, म्हणजे मुळ्यांना अडथळा होत नाही आणि सगळे कंद एकसारखे उभे राहतात. नऊ अंशांच्या प्रकारात कंद ट्रेमध्ये लावून, मुळ्या फुटू देऊन मग थंडी पूर्ण करतात. साल सोलणं हे काम दिसायला किरकोळ आहे. पण हजारो कंद एकाच दिवशी फुलवायचे असतील तर सारा नफा त्या किरकोळ कामावर ठरतो.

साठवणीतला मोठा शत्रू इथिलीन वायू. फ्युजारियम बुरशी लागलेला कंद हा वायू सोडतो आणि हवा कोंडलेली असेल तर एका सडक्या कंदामुळे शेजारच्या निरोगी कंदांतली घडलेली फुलं आतल्या आत मरतात. बाहेरून कंद टणक, देखणा दिसतो आणि लागणीनंतर मात्र फूल येत नाही. म्हणून तिकडच्या कोठारांत हवा सतत खेळती ठेवतात आणि आंबूस वास येणारा कंद वेचून बाहेर काढतात. घरच्या फ्रिजमध्ये कंद थंड करणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. पिकलेली सफरचंदं, केळी हाच वायू सोडतात. एकाच कप्प्यात फळं आणि कंद ठेवू नयेत.

आकाराचाही नेम आहे. ट्यूलिपचे कंद परिघावर विकतात. १२ सेंटिमीटर आणि त्यापुढचा परीघ उत्तम मानला जातो. आठ-नऊच्या खालचा कंद बहुधा एखादं रुंद पान देऊन थांबतो. फुलाचा खर्च पेलण्याइतकी शिदोरी त्याच्यापाशी नसते.

आता विट्याचा हिवाळा. पहाटे पारा १२-१४ अंशांवर येतो, दुपारी तिशीला टेकतो. ट्यूलिपला हवी तशी सलग थंडी इथं नाही. आधीच थंड केलेला कंद डिसेंबरात आणून, सावलीच्या गार कोपऱ्यात लावला तर महिना-दीड महिन्यात फूल येईल, चार दिवस घर उजळेल. पुढच्या वर्षी तो कंद फुलणार नाही, कारण नवा कंद पोसायला लांब आणि गार वसंत लागतो. हौसेसाठी हे ठीक आहे. पण ट्यूलिपची शेती करा, एकरी इतके लाख मिळवा असं खानापूर तालुक्यात कुणी सांगायला आलं, तर त्याला हात जोडून परत पाठवावं.

मग विट्याच्या वाचकाला ट्यूलिपचं इतकं पुराण कशाला? कारण या भागातला शेतकरी हेच शास्त्र रोज वापरतो. तालुक्याच्या घाटमाथ्यावरच्या द्राक्षबागा पाहा. थंड देशात द्राक्षवेलीचे डोळे हिवाळ्याच्या थंडीनं जागे होतात. आपल्याकडे तशी थंडी नाही, म्हणून ऑक्टोबर छाटणी झाली की लगेच काडीच्या डोळ्यांवर हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करतात. थंडीचं काम रसायनाकडून करून घ्यायचं, हा त्यातला हिशेब. कांद्याचंही तसंच. लवकर लागण झालेल्या रब्बी कांद्याला कडक थंडी लागली की डेंगळे येतात आणि शेतकरी कपाळावर हात मारतो. पण बियाण्यासाठी लावलेल्या मातृकांद्यातून तोच डेंगळा हवा असतो, आणि म्हणून ते कांदे ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावून थंडीच्या वाटेवर ठेवले जातात. लोणंदच्या बाजारात कांदा विकणाऱ्याला ट्यूलिपचा कंद समजावायला फार वेळ लागणार नाही.

या भागाचं खरं कंदपीक मात्र हळद. पूर्वी खानापूर तालुक्यातच असलेला कडेगावचा पट्टा, पुढं वाळवा, मिरज, तासगाव आणि साताऱ्याच्या बाजूला कराड, कोरेगाव, वाई. कृष्णेचं पाणी कराडजवळच्या टेंभूहून टप्प्याटप्प्यानं उचलून कडेगाव, खानापूर, आटपाडीच्या दुष्काळी रानांत आलं, तशी आठ-नऊ महिने पाणी मागणारी पिकं घ्यायची हिंमत नव्या गावांतही आली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कसबे डिग्रजचं संशोधन केंद्र राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत हळदीवर काम करतं. 'फुले स्वरूपा' ही जात तिथलीच. शेतात जास्त दिसते ती सेलम, आणि बाजारात नाव चालतं राजापुरीचं.

हरिपूरची पेवं अनेकांना ठाऊक असतात. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या घट्ट मातीत खोदलेल्या या बळदांत हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. पेव उघडलं की लगेच आत उतरत नसत. आत प्राणवायू नसतो. आधी हवा जाऊ द्यायची, कंदील सोडून बघायचा, तो तेवत राहिला तरच माणूस उतरायचा. २००५ च्या महापुरानं यातली बहुतेक पेवं निकामी केली. पण पेवात जायची ती शिजवून वाळवलेली हळद. कढईत शिजली की हळकुंडातला जीव जातो, आणि म्हणूनच ती हवाबंद अंधारात टिकते. बेण्याचा गड्डा जिवंत असतो. तो श्वास घेतो, उष्णता सोडतो, त्यातलं पाणी उडत राहतं. त्याला पेवात कोंडलं तर तो मरेल. दोन्ही एकाच सरीतून निघालेले, पण एकाला हवा लागू द्यायची नाही आणि दुसऱ्याला हवेवाचून ठेवायचं नाही.

बेणं राखणं हे जाणकाराचं काम आहे. जानेवारी ते मार्चमध्ये पाला पूर्ण वाळून आडवा झाल्यावर हळद काढतात. कच्च्या हळदीचं बेणं टिकत नाही. काढणी झाली की गड्डे वेगळे, हळकुंडं वेगळी. मधला मुख्य तो जेठा गड्डा, त्याच्या बगलेतले ते बगल गड्डे. बेण्याला पहिली पसंती जेठ्याला. साधारण ५० ग्रॅमच्या वरचा, भरीव, निरोगी. हेक्टरी २५ क्विंटल लागतात. मुळ्या काढून, माती झटकून हे गड्डे झाडाच्या गर्द सावलीत ढीग लावून ठेवतात. वर हळदीचाच पाला, त्यावर गोणपाट. ऊन लागता कामा नये, पाणी पडता कामा नये, ढिगात हवा कोंडता कामा नये. ढीग फार मोठा झाला तर आत ऊब धरते आणि तळचे गड्डे सडतात. असे दोन-अडीच महिने.

हा काळ म्हणजे गड्ड्याची सुप्तावस्था. ट्यूलिपला या काळात आधी ऊब आणि मग थंडी लागते. हळद उष्ण प्रदेशातली, तिला थंडी नको. सावली, कोरडी हवा आणि विश्रांती पुरते. पण दोन्हींचंही मर्म हेच की वरून निपचित दिसणाऱ्या कंदाच्या आत काम चालू असतं आणि ते पुरं व्हायच्या आत त्याला मातीत ढकललं तर तो दाद देत नाही. एप्रिलच्या शेवटी, अक्षय्य तृतीयेच्या आसपास, ढिगातला गड्डा हातात घेऊन पाहावा. त्याच्या अंगावर आडव्या कड्या असतात आणि त्या कड्यांवर डोळे. विश्रांती झालेल्या गड्ड्याचे डोळे फुगलेले, टोकाशी फिकट पिवळे, बोटाला ठसठशीत लागणारे. झोप न झालेल्या गड्ड्याचे डोळे चपटे, अंगाला चिकटलेले. डोळे फुगलेलं बेणं तीन-चार आठवड्यांत एका दमात उगवतं. चपट्या डोळ्यांचं बेणं तुकड्या-तुकड्यानं वर येतं, तुटाळ पडते, नांग्या भरताना जीव मेटाकुटीला येतो आणि पहिली भरणी करायची वेळ येते तेव्हा निम्मं रान गुडघ्याला आणि निम्मं घोट्याला असतं. हा फरक शेवटपर्यंत भरून निघत नाही.

ज्याला आपण 'बेणेप्रक्रिया' म्हणतो, ते बुडवण्याचं काम यानंतरचं. शेताच्या कडेला प्लॅस्टिकचा मोठा बॅरल किंवा खड्ड्यात ताडपत्री अंथरून केलेली टाकी. त्यात पाणी, कीटकनाशक, बुरशीनाशक. पाटीत गड्डे भरून पंधरा-वीस मिनिटं बुडवायचे, निथळायचे, सावलीत पसरायचे. वर्षानुवर्षं शिफारशीत असलेली जोडी क्विनॉलफॉस आणि कार्बेन्डाझिमची. पहिलं खवले कीड आणि कंदमाशीसाठी, दुसरं बुरशीसाठी. अंगावर पांढरट खवले दिसणारा गड्डा हातानं घासून साफ करूनच बुडवावा लागतो, नाहीतर औषध खवल्याखाली पोचत नाही. औषधाचं प्रमाण डब्यावरच्या लेबलाप्रमाणे आणि त्या वर्षीच्या विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे ठेवावं. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून ठेवू नये.

या कामात दोन चुका सर्रास होतात आणि दोन्ही महागात पडतात. पहिली, सगळं एकाच बॅरलमध्ये कालवणं. ट्रायकोडर्मा ही स्वतः बुरशी आहे. कार्बेन्डाझिमच्या द्रावणात ती घातली तर ती तिथंच मरते, आणि तिचा खर्च फुकट जातो. आधी रासायनिक द्रावण, मग गड्डे सावलीत नीट सुकू द्यायचे, आणि मधे काही दिवस जाऊ देऊन अगदी लागणीच्या तोंडावर ट्रायकोडर्मा, अ‍ॅझोस्पिरिलम, स्फुरद विरघळवणारे जिवाणू. हा क्रम उलटा करायचा नाही.

दुसरी चूक माणसांच्या जिवाशी आहे. पाट्या बुडवण्याचं काम बहुतेक ठिकाणी बायका करतात, उघड्या हातांनी, कोपरापर्यंत औषधात. क्विनॉलफॉस कातडीतून अंगात शिरतं. रबरी हातमोज्यांची जोडी एका पाटी बेण्याहून स्वस्त आहे. बॅरलमध्ये उरलेलं पाणी ओढ्यात किंवा विहिरीच्या कडेला ओतू नये. प्रक्रिया केलेलं जादा बेणं उरलं तर ते शिजवून बाजारात पाठवू नये, जनावरांपुढं टाकू नये. यात सवलत नाही.

आता या बुडवण्याचं मोल किती? माझं मत असं की फार वाढवून सांगितलं जातं. मे महिन्यातलं औषध सप्टेंबरपर्यंत गड्ड्याला राखत बसत नाही. कंदमाशी ऐन पावसाळ्यात झाडाच्या बुडाशी अंडी घालते, अळ्या गड्ड्यात शिरतात. माशी आधी की पिथियमची कुज आधी, हा वाद शेतकऱ्यांत आहे आणि शास्त्रज्ञांतही; सडलेल्या गड्ड्याकडे माशी धाव घेते, असं मानणारेही बरेच आहेत. काहीही असलं तरी रानात पाणी साचत असेल, भरणी वेळेवर झाली नसेल, गड्डे उघडे पडले असतील तर मे महिन्यातली पंधरा मिनिटं त्यांना वाचवत नाहीत. बुडवण्यामुळे बेण्यावरची वरवरची बुरशी, खवले, अंडी जातात आणि उगवणीचा पहिला महिना सुखरूप पार पडतो. तेवढं काम ते चोख करतं. त्याच्याकडून याहून जास्त मागू नये.

हे आल्यात जास्त कडवटपणे कळतं. सातारा जिल्हा आल्याचा. माहीम आणि सातारी ही इथली परिचित नावं, आणि इथं आलं विकलं जातं ते 'गाडी'वर. गाडी म्हणजे ५०० किलो. आल्याचा दर कधी आभाळाला भिडतो, कधी मातीमोल होतो. २०२३ साली तो असाच चढला होता. दर चढला की बेणंही सोन्याच्या भावात जातं आणि मोह सुटत नाही: भरीव आलं बाजाराला, उरलंसुरलं बेण्याला. त्याच रानात मधूनच पिवळी पडलेली झाडं होती, याची वाच्यता कुणी करत नाही.

आल्याची मर दोन प्रकारची. पिथियमची कुज, आणि राल्स्टोनिया नावाच्या जिवाणूची मर. दुसरी जास्त घातक. ती ओळखायची साधी रीत आहे. संशयित झाडाच्या बुडाचा तुकडा धारदार सुरीनं कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात टांगून धरायचा. जिवाणूची मर असेल तर काही मिनिटांत कापलेल्या तोंडातून दुधाळ धागा पाण्यात उतरताना दिसतो. ज्या रानात असा धागा निघाला, तिथलं आलं बेण्याला घेऊ नये. तो जिवाणू कंदाच्या आतल्या नळ्यांत असतो. बुरशीनाशकाला तो जुमानत नाही आणि बुडवून तिथवर औषध पोचतही नाही. रोगट बेण्याची एक गाडी निरोगी गावात मर घेऊन येते आणि मातीत बसलेला जिवाणू मग अनेक वर्षं निघत नाही.

ट्यूलिपवाल्यांनाही हा धडा मिळाला होता. सतराव्या शतकात ज्या चट्ट्यापट्ट्यांच्या फुलांपायी हॉलंडमध्ये एका कंदाला घराइतकी किंमत यायची, ते पट्टे विषाणूमुळे पडतात. १९२८ मध्ये डोरोथी केली यांनी कलम करून दाखवलं की हा दोष एका कंदातून दुसऱ्यात जातो. विषाणूग्रस्त कंद बुडवून बरा होत नाही. तिकडे आजही माणसं उभ्या वाफ्यांतून चालत जातात आणि रोगट झाड दिसलं की उपटून टाकतात.

कंदाच्या आतल्या शत्रूवर एक उपाय बऱ्याच अंशी लागू पडतो, तो म्हणजे उष्णता. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये नार्सिससचे मळे सूत्रकृमीनं बसू लागले, तेव्हा विस्ली इथल्या जेम्स रॅम्सबॉटम यांनी कंद सुमारे ४३ अंशांच्या पाण्यात तीन-चार तास ठेवून सूत्रकृमी मारून दाखवले. कृमी मरतो आणि कंद वाचतो, अशी ती अगदी चिंचोळी पट्टी. त्याहून फार वर गेलं की कंदालाच इजा होते. आल्याच्या सूत्रकृमीसाठी ५० अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं, ही कोळिकोडच्या मसाला पिके संशोधन संस्थेची शिफारस याच जातीची. आपल्या उसाचं उदाहरण तर घरचंच आहे. गवताळ वाढ आणि काणी टाळण्यासाठी बेणं ५४ अंशांच्या उष्ण बाष्पात अडीच तास ठेवतात आणि त्या बेण्यापासून पायाभूत, मग पुढचे बेणेमळे होतात. सातारा जिल्ह्यात पाडेगावला १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे, कारखाने बेणेमळे राखतात, दर तीन-चार वर्षांनी बेणं बदला असं शेतकऱ्याच्या कानीकपाळी ओरडतात.

उसाला जे मिळालं ते हळदीला आणि आल्याला मिळालेलं नाही, ही माझी या लेखातली मुख्य तक्रार आहे. हळद-आल्याचं बहुतेक बेणं शेतकऱ्याकडून शेतकऱ्याकडे जातं, दलालामार्फत जातं, त्याच्या गोणीवर ना प्लॉटचं नाव ना तपासणीचा शिक्का. संशोधन केंद्रांकडचं बेणं चांगलं असतं, पण ते मूठभरांना पुरतं. एका डोळ्याचे लहान तुकडे ट्रेमध्ये कोकोपिटात उगवून रोपं लावण्याची पद्धत आता रुळू लागली आहे. तिच्यात बेणं बरंच कमी लागतं आणि प्रत्येक तुकडा हातानं पारखला जातो. सांगली-साताऱ्यातल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांनी प्रक्रिया उद्योगाआधी अशा रोपवाटिका आणि तपासलेले बेणेमळे उभे केले तर मसाल्याच्या कारखान्याहून जास्त उपकार होतील.

गुलछडी आणि ग्लॅडिओलसबद्दल थोडक्यात. नियम तेच. ग्लॅडिओलसचा नवा कंद दोन-तीन महिने झोपतो. चार-पाच अंशांच्या शीतगृहात ठेवला तर झोप नीट मोडते, आणि लावताना चार सेंटिमीटरपेक्षा लहान कंद दांड्यासाठी वापरू नये. 'फुले गणेश', 'फुले प्रेरणा' या आपल्याच विद्यापीठाच्या जाती. गुलछडीचा कंद काढल्याबरोबर पुन्हा लावायची घाई करू नये. महिना-सव्वा महिना सावलीत कोरडा होऊ द्यावा, मग २०-३० ग्रॅमचे निवडून लावावेत. लहान कंद फेकू नयेत, ते वेगळ्या वाफ्यात वर्षभर पोसावेत.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा कडेगाव-कराडच्या रानांत हळद कमरेच्या वर उभी असेल, आल्याचे गड्डे भरत असतील. मर कुठं लागली, कुज कुठं शिरली, कोणता प्लॉट शेवटच्या सरीपर्यंत हिरवागार राहिला, हे डोळ्यांनी दिसण्याचे हेच दिवस. फेब्रुवारीत सगळा पाला वाळलेला असतो आणि गोणीतला प्रत्येक गड्डा सारखाच दिसतो. तेव्हा ज्यांना येत्या अक्षय्य तृतीयेला लागण करायची आहे त्यांनी दिवाळीचा फराळ झाला की पाव्हण्या-रावळ्यांच्या, ओळखीच्यांच्या रानांतून हिंडावं, आलं असेल तर पाण्याचा ग्लास आणि सुरी बरोबर न्यावी, मनासारखा प्लॉट दिसला की मालकाशी बोलून बेण्यासाठी तेवढ्या सऱ्या आजच राखून ठेवाव्यात, आणि इसार देऊन यावा.